चटईवरचा नवस

हर्षद परब संडासाची भांडी विकायचा. स्वतः तो असं कधी म्हणाला नाही. कुणी विचारलं तर ‘सॅनिटरीवेअरमध्ये आहे’ असं सांगून गळ्यातलं ओळखपत्र सरळ करायचा, आणि विचारणाऱ्याला वाटायचं, दवाखान्याशी संबंधित काहीतरी असावं. घाटकोपरच्या त्या शोरूममध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवं घर घेतलेली जोडपी यायची. नवरा किंमत बघायचा, बायको रंग बघायची, आणि हर्षद दोघांना एका पांढऱ्याशुभ्र कमोडसमोर उभं करून स्वच्छतेवर प्रवचन द्यायचा.

“मॅडम, लोकांना उगाच वाटतं सीटवरून रोग होतात. अजिबात नाही. रोग माणसाच्या सवयीतून येतो, सिरॅमिकमधून नाही.”

हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की त्याचा अर्थ आपल्यालाही लागू आहे हे तो विसरून गेला होता.

राहायला तो मुलुंड पूर्वेला. खिडकीतून मिठागरं दिसायची, सकाळच्या उन्हात आरशासारखी चकाकणारी. घर एका बेडरूमचं. बेडरूममध्ये हर्षद आणि त्याची बायको अक्षता, हॉलमध्ये त्याचे आईवडील. वडील काशीराम गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचं सगळंच गेलं, आवाज तेवढा राहिला. त्या आवाजाच्या जोरावर गावच्या मुंबईकर मंडळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे होता. वर्षातून एकदा मंडळाची सत्यनारायणाची पूजा व्हायची. काशीराम हातात नारळ घेऊन देवापुढे उभे राहायचे आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला सांगायचे, कुणाच्या घरात काय अडलंय, कुणाला काय हवंय. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एकमुखाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हा रिवाज. हर्षद लहानपणापासून त्या पहिल्या ओळीत बसत आलेला. झोपेतही कुणी ‘म्हाराजा’ म्हटलं तर त्याच्या तोंडून ‘व्हय’ निघालं असतं.

अक्षता दिंडोशीच्या कोर्टात स्टेनोग्राफर होती. दिवसभर लोकांची साक्ष उतरवून घ्यायची. खरं बोलणारा अडखळतो आणि खोटं बोलणारा न विचारलेलं सांगतो, एवढं तिला नोकरीने शिकवलं होतं. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, गर्भनलिकांच्या एक्सरेची ती दुखणारीही झाली. हर्षदची एकच तपासणी होती, साधी, न दुखणारी. ती राहिली होती. ज्या दिवशी जायचं होतं त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती.

दिवाळीनंतर कंपनीने सगळ्या सेल्सवाल्यांना परदेशी सहलीला नेलं. वर्षभर विक्री केल्याचं बक्षीस. तिथे काय झालं ते हर्षदने पुढे स्वतःलाही ‘एकदाच’ या एका शब्दात सांगितलं. जणू सापही मोजूनच चावतो. परत येताना त्याने अक्षतासाठी अत्तराची बाटली आणली, आणि अपराधी माणूस जसा जास्त प्रेमळ होतो तसा तो आठवडाभर प्रेमळ झाला.

मग लघवीला जळजळ सुरू झाली. अंतर्वस्त्रावर डाग दिसू लागले. हर्षदने आधी दोन शहाळी प्यायली, मग धन्याचं पाणी, मग बार्ली. शेवटी दवाखाना शोधला. मुलुंडमध्ये नको, तिथे सगळे ओळखतात. घाटकोपरला नको, गिऱ्हाइकं भेटतील. त्याने थेट बोरिवली गाठली. पाटीवर लिहिलं होतं, ‘डॉ. एस. वाघमारे, त्वचा व गुप्तरोग’. काउंटरवर नाव विचारलं तेव्हा त्याने आपल्या शेठचं नाव सांगितलं, विद्याधर. आडनाव बदलायचं मात्र गडबडीत सुचलं नाही. विद्याधर परब म्हणून तो आत गेला आणि दारातच थबकला. एस. म्हणजे संघमित्रा निघाल्या.

“बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “पुरुष डॉक्टर हवे असतील तर खाली मेडिकलवाला आहे, तो सगळ्यांना एकच मलम देतो.”

हर्षद बसला.

तपासणी झाली, नमुना घेतला, इंजेक्शन झालं, गोळ्या लिहून झाल्या. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “परत आल्यावर बायकोशी संबंध आले?”

“हो. म्हणजे, आले. थोडे.”

“थोडे म्हणजे काय? हे मीठ आहे का चवीपुरतं? त्यांनाही लागण झाली असणार असं धरून चालायचं. बायकांना बऱ्याचदा बाहेरून काहीच कळत नाही, आत मात्र नुकसान होत राहतं. त्यांना घेऊन या. तुमच्या गोळ्या संपेपर्यंत, त्यांचं औषध होईपर्यंत आणि त्यानंतर आठवडाभर संबंध पूर्ण बंद.”

“कंडोम वापरला तर?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “आत्ता सुचलं?”

हर्षद तिथून निघाला तेव्हा त्याच्याकडे दोन कामं होती. एक, बायकोपासून लांब राहायचं. दोन, बायकोला खरं सांगायचं. माणूस व्यवहारी असल्यामुळे त्याने पहिलं स्वीकारलं आणि दुसरं तहकूब केलं. गोळ्या घरी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने त्या शोरूममध्ये मांडलेल्या सर्वांत महागड्या कमोडच्या कोरड्या फ्लशटाकीत ठेवल्या. ते मॉडेल कुणी घेत नसे. रोज सकाळ-संध्याकाळ तो झाकण उचलायचा, गोळी घ्यायचा आणि झाकण लावायचा. शेठ विद्याधरांना वाटलं, पोरगा मालाची काळजी घेतो.

घरी त्या संध्याकाळी त्याने कपाटामागची चटई काढली आणि हॉलमध्ये टाकली.

“काय रे,” अक्षता म्हणाली, “भांडलो का आपण? मला सांगायचं तरी.”

“नाही गं. मी जरा… नवस बोललोय. आजपासून इथे झोपणार. ब्रह्मचर्य. म्हणजे मार्गशीर्ष पण आहे ना.”

हे तो न विचारता इतकं एका दमात बोलला की अक्षताची भुवई आपोआप वर गेली. पण तिने काही विचारायच्या आत ओट्यापाशी मासे साफ करणारी त्याची आई वनमाला हातातला बांगडा तसाच धरून बाहेर आली.

“कसलो रे नवस?”

हर्षद गप्प राहिला. त्याला काही सुचत नव्हतं म्हणून तो गप्प राहिला. पण आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे हळूहळू पाण्याने भरले.

“पोरासाठीच मा?”

आता इथे कुणीही सज्जन माणूस ‘नाही’ म्हणाला असता. हर्षदने मान खाली घातली. ती मान शरमेने खाली गेली होती. आईला ती विनयाची वाटली.

“मूल व्हावं म्हणून तू बाहेर झोपणार?” अक्षता म्हणाली. “आणि देवाने काय करायचं रे? कुरिअरने पाठवायचं?”

“देवाच्या कामात डोक्या लावू नये, गो बाय,” वनमाला म्हणाली आणि बांगडा ओट्यावर ठेवून आली. “झिला, आता तुका हे चालाचे नाय.”

बांगडे गेले हे हर्षदला त्या क्षणी रोगापेक्षा जास्त लागलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या मालनमावशी नारळ घेऊन वर आल्या. “आजकालचे नवरे बघा आणि हा बघा,” त्या अक्षताला म्हणाल्या, “नशीब काढलंस हो.” मावशींनी आपल्या नवऱ्यालाही बरोबर आणलं होतं, उदाहरण दाखवायला. तो बिचारा दाराच्या चौकटीला टेकून हर्षदकडे खुनशी नजरेने बघत होता.

हर्षदला आधी हे सगळं अवघड गेलं. मग आवडू लागलं. मान मिळणं ही गोष्ट शहाळ्याच्या पाण्यासारखी गोड, आणि फुकट. त्याने कपाळाला गंध लावायला सुरुवात केली. बोलण्यात ‘संयम’ हा शब्द येऊ लागला. शोरूममधल्या पोरांना चहाच्या वेळी तो सांगू लागला की मनावर ताबा असेल तर माणूस काहीही जिंकतो. हे सांगताना त्याच्या मागेच ती फ्लशटाकी होती.

औषध चांगलं होतं. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली, डाग गेले. अर्ध्याअधिक गोळ्या अजून टाकीत होत्या. आणि नेमका रविवार आला. डोंबिवलीला नात्यातलं लग्न होतं, आईवडील सकाळीच गेले. घरात दोघंच. अक्षताने केस धुतले होते आणि खिडकीत बसून ती ते वाळवत होती. मिठागरांवरून येणारा वारा त्या ओल्या केसांतून घरात येत होता. ती त्याच्या गंधाकडे बघून हसली. लग्न नवं होतं तेव्हाचं ते हसू होतं, आणि हर्षदला ते कितीतरी महिन्यांनी दिसलं.

“देव डोंबिवलीला गेलाय,” ती म्हणाली.

हर्षदच्या मनात डॉक्टरांचं वाक्य एकदा येऊन गेलं. पण त्याचा हिशेब साधा होता. गाडी सुरू झाली म्हणजे दुरुस्ती झाली, मग मेकॅनिक काहीही म्हणो. त्याने चटई गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, आता नवसही मोडला, तब्येतही बरी, तर गोळ्या तरी कशाला. टाकीचं झाकण त्याने पुन्हा उचललं नाही. घरात सर्वांसमोर चटई मात्र रोज रात्री अंथरली जायची, कारण मान चालू होता.

काही आठवड्यांनी जळजळ परत आली.

“गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?” डॉ. संघमित्रांनी विचारलं.

“जवळजवळ.”

“संबंध बंद ठेवले होते?”

“जवळजवळ.”

“बायकोला सांगितलं?”

यावर त्याला जवळजवळसुद्धा म्हणता येईना. डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. “विद्याधर, तुम्ही बरे होताय, ती बरी होत नाहीये. तुमचं तुम्ही तिला दिलंत, आता तिचं ती तुम्हाला देतेय. तिला हे माहीतही नाही. असं चालू राहिलं तर तिच्या गर्भनलिका बंद होऊ शकतात. मूल हवंय ना तुम्हाला?”

हर्षदने चाचरत एक तोडगा काढला. “डॉक्टर, तिच्याही गोळ्या माझ्याकडेच द्या ना. मी चहातून देतो. कॅल्शियम म्हणून सांगतो.”

“तिला कशाची ॲलर्जी आहे, तिला दिवस गेलेत का, मला काय माहीत? आणि ती तुमची बायको आहे की घरातली मांजर, दुधातून औषध द्यायला? या वेळी तिला घेऊन या, नाहीतर येऊ नका.”

हर्षद बाहेर पडला तेव्हा खरोखर घाबरलेला होता. त्याला आईचे भरलेले डोळे दिसले, मिठागरांवरच्या वाऱ्यातले ओले केस दिसले. आज सांगायचं, असं त्याने ठरवलं. पण घरी आला तर हॉलमध्ये मंडळाचे लोक बसले होते. दोन रविवारांनी पूजा होती, आणि मंडळाने ठरवलं होतं की नवस पाळणाऱ्या हर्षद परबचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. तरुणांपुढे आदर्श हवा.

“आणि गाऱ्हाणा मी घालतंय,” काशीराम म्हणाले. त्यांचा आवाज दाटून आला होता. “माज्या झिलासाठी.”

हर्षदने चहाचा कप उचलला. सांगायचं ते पूजेनंतर सांगू, असं त्याने ठरवलं. सत्कार काही रोज होत नाही.

अक्षताचं ओटीपोट दुखायला लागलं होतं. तिने कुणाला सांगितलं नाही. कोर्टातून सुटल्यावर गोरेगावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ती एकटीच गेली. पूजेच्या आदल्या शुक्रवारी ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि हर्षदला म्हणाली, “गच्चीवर ये.”

गच्चीवर कुणाच्यातरी चादरी वाळत होत्या. पश्चिमेला डोंगराआड सूर्य चालला होता. अक्षता पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली.

“मला लागण झालीय. नाव सांगू का तुला, की माहितेय?”

हर्षदच्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं देव जाणे, तोंडातून आलं ते असं, “पब्लिक टॉयलेटमधून होतं गं असलं. तुमच्या कोर्टातले संडास बघ ना, सीट किती घाण…”

तो मधेच थांबला. अक्षता त्याच्याकडे बघत होती. त्याच्या शोरूममध्ये ती एकदा आली होती, आणि ते प्रवचन तिने पूर्ण ऐकलं होतं.

“सिरॅमिकमधून नाही ना रे?” ती म्हणाली.

वारा सुटला. चादरी फडफडल्या.

“चटई कुणी सांगितली? देवाने की डॉक्टरने?”

“डॉक्टरने.”

“कधी?”

“मार्गशीर्षात.”

“म्हणजे डोंबिवलीच्या लग्नाच्या दिवशी तुला माहीत होतं.”

गप्प राहण्याचा जुना उपाय हर्षदने पुन्हा करून पाहिला, पण समोर आई नव्हती.

“गोळ्या तरी पूर्ण घेतल्यास?”

“जवळजवळ.”

ती हसली. हर्षदने तिचं ते हसू आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढे कधी विसरलाही नाही.

“त्या एक्सरेच्या वेळी मी टेबलावर ओरडले होते, आठवतं? तू बाहेर बसून मॅच बघत होतास. आई अजून मला विचारतात, गो, तुझ्यात काय कमी आसा? मी गप्प बसते. आता ऐक. माझं औषध आजपासून सुरू झालंय. नळ्यांना काय झालंय ते नंतर कळेल. परवा बाबा गाऱ्हाणं घालणार आहेत. त्याच्या आत तू आईबाबांना खरं सांग. माझी चूक म्हणून गाऱ्हाणं झालं, तर मी बोलेन.”

“सगळ्यांसमोर? अगं, इज्जत…”

“रोगाचं नाव नाही घेणार मी. तेवढी लाज आहे मला. तुझी नाही, माझी.”

शनिवारी सकाळी हर्षद सांगणार होता. पण आई पूजेच्या तयारीत होती. दुपारी सांगणार होता, पण बाबा झोपले होते. रात्री तर सांगायचंच होतं, पण सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोलावे लागणार होते आणि ते पाठ करायचे होते. त्या दोन शब्दांत ‘संयम’ तीनदा येत होता.

रविवारी शाळेचा हॉल भरला. पूजा झाली, प्रसादाचा शिरा वाटून झाला. हर्षदला पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली. मालनमावशींनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. मग काशीराम उठले. धोतर सावरलं, नारळ दोन्ही हातांत धरला, आणि त्यांचा तो गिरणीच्या भोंग्यासारखा आवाज हॉलभर पसरला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज परबांचो झील तुज्यासमोर उभो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्यान संतानासाठी नवस बोललो आणि तो नेमान पाळलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात हर्षदचाही आवाज होता. अक्षता बायकांच्या ओळीत बसली होती. तिची नजर त्याच्यावरच खिळलेली होती. त्याने शालीचं टोक चाचपलं. अजून वेळ होता. एक पाऊल पुढे टाकून वडिलांच्या कानात बोलला असता तरी चाललं असतं.

“त्याच्या घरात पाळणो हलू दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि घरच्या सुनेचो जो काय दोष आसात, तिचा जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सर्वांत मोठा आवाज आला तो हर्षदचा. भीतीने त्याचा आवाज चढला होता, एवढंच. पण आवाजाचं कारण कुणी विचारत नसतं.

अक्षता उठली. साडीचा पदर खोचला आणि चालत देवापुढे आली. गाऱ्हाण्यात बाई कधी बोलत नाही. त्यामुळे तिला काय म्हणून थांबवायचं हेच कुणाला सुचलं नाही. तिचं माहेर भांडुपचं, मूळ मालवणचं. गाऱ्हाणं तिनेही लहानपणापासून ऐकलं होतं.

“बा देवा म्हाराजा,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. कोर्टात उतरवून घेतलेलं वाचून दाखवतात तसा स्वच्छ होता.

“व्हय म्हाराजा!” हॉल सवयीने म्हणाला.

“सुनेचो दोष नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नवस देवासाठी नव्हतो. डॉक्टरान लांब ऱ्हवाक सांगल्यान, म्हणान होतो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे म्हणून झाल्यावर मागच्या ओळीत काही माना एकमेकींकडे वळल्या. वनमालाच्या हातातली शिऱ्याची वाटी तिरकी झाली.

“औषध दोघांनी घेवचा होता. ह्यान एकट्यान घेतल्यान, आणि ताय अर्ध्यार सोडल्यान, म्हाराजा!”

“व्हय…” आता आवाज विरळ झाला. काशीरामांच्या हातातला नारळ खाली आला.

“ह्या खरा की खोटा, ता ह्याच्याच तोंडान वदव, म्हाराजा!”

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता. आणि त्या शांततेत, खांद्यावर शाल घेतलेल्या, पहिल्या ओळीत वाढलेल्या, घाबरून बुद्धी गोठलेल्या माणसाच्या तोंडून जन्माच्या सवयीने शब्द निघाले, एकट्याचे, खणखणीत,

“व्हय म्हाराजा!”

मालनमावशींचा नवरा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला.

सत्काराचं उत्तर झालं नाही. शाळेच्या जिन्यात काशीरामांनी मुलाला थांबवलं. त्यांनी रोगाचं नाव विचारलं नाही, कुठे झाला तेही विचारलं नाही. त्याच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि काखेत धरली. “माज्या तोंडातसून देवासमोर खोटा बोलवलंस,” ते म्हणाले. “उद्या सुनेक घेवन डॉक्टरकडे जा. आणि सर्दी बिर्दी झाली तरी जा.” पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याचा मान त्यांनी स्वतः होऊन सोडला. मंडळाने फार आग्रह केला, ते ऐकले नाहीत. मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा बापाने घेतली, आणि मुलाला ती शिक्षा आहे हे समजायला बराच काळ जावा लागला.

वनमाला दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बांगडे आणले, तळले आणि सगळे अक्षताच्या ताटात वाढले. “तुज्यात काय कमी आसा, असा विचारी होतंय मी,” ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला जमलं नाही. तिने आणखी एक बांगडा वाढला.

बोरिवलीच्या दवाखान्यात दोघं बाकावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून. काउंटरवरच्या मुलीने पुकारलं, “विद्याधर परब!”

अक्षताने आजूबाजूला पाहिलं. कुणी उठेना. मग हर्षद उठला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फायलीने तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे हर्षदला आत जाईपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

दोघांचंही औषध या वेळी पूर्ण झालं. हर्षद गोळ्या घरीच ठेवायचा, फ्रिजवर, सगळ्यांना दिसतील अशा, आणि अक्षतासमोर उभा राहून गिळायचा. नंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, वेळेत सापडलं, नळ्यांना बहुधा इजा झालेली नाही. मूल न होण्याचं कारण शोधायचं तर आता एकच तपासणी बाकी होती, साधी, न दुखणारी. तो ती करून आला. दोष त्याच्यात निघाला. उपचाराने सुधारेल असा, पण त्याच्यातच. तो अहवाल त्याने स्वतः आईला वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट त्याने न लपवता, न वाकवता सांगितली. अक्षता दारात उभी राहून ऐकत होती. तिने मधे काही दुरुस्त केलं नाही.

डॉक्टरांनी घातलेली बंदी संपली. त्या रात्री हर्षदने चटई गुंडाळली, कपाटामागे सारली आणि बेडरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. अक्षता खिडकीत बसली होती. बाहेर मिठागरांवर चांदणं पडलं होतं.

“डॉक्टर म्हणाल्या, आता चालेल,” तो म्हणाला.

“डॉक्टरांचं झालं ते,” अक्षता म्हणाली. “माझ्याही नवसाचे काही दिवस आहेत.”

“किती?”

तिने त्याची उशी उचलून त्याच्या हातात दिली. हर्षद ती घेऊन हॉलमध्ये गेला, आणि कपाटामागे हात घालून त्याने चटई पुन्हा बाहेर काढली.